झाकणाच्या आत लिहिलेलं

जुबैलच्या त्या लेबर कॅम्पात कुणी फायनल एक्झिटवर निघालं, म्हणजे इकामा, तिथला राहण्याचा परवाना, परत करून कायमचं घरी निघालं, की दोन माणसांना हमखास बोलावणं जायचं. एक मल्याळी इलेक्ट्रिशियन, कारण वजनकाटा साऱ्या कॅम्पात त्याच्या एकट्याकडे. दुसरा शौकत सोलकर, कारण खोक्यावर नाव घालावं तर शौकतनंच.

शौकत दाभोळचा, खाडीकाठच्या मोहल्ल्यातला. सत्तावीस वर्षं जुबैलला काढलेली, त्यातली बावीस एकाच कंत्राटदार कंपनीच्या टूल स्टोअरमध्ये. केमिकल प्लांटच्या कुंपणाला लागून पत्र्याची एक लांबोडी खोली, तिला जाळीची खिडकी आणि खिडकीमागे शौकत. सकाळी सहाला पाने, हातोडे, ग्राइंडर सही घेऊन द्यायचे आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायचे, हे त्याचं काम. एक पाना कमी भरला तर तो कंपनीची बस सोडून द्यायचा, पाना सोडायचा नाही. मांडणीवरचा हरेक आकडा त्याने जाड काळ्या मार्करने स्वतः घातलेला. लांबून बघावं तर छापलाय असं वाटावं.

तोच मार्कर घेऊन तो खोक्यापुढे मांडी घालून बसायचा. घरी निघालेल्या माणसाचं खोकं म्हणजे काय साधी गोष्ट नव्हे. त्यात दुधाची पावडर, बदाम, खजूर, पोरांचे बूट, अत्तराच्या बाटल्या आणि तळाला ते दोन पदरी जाडजूड ब्लँकेट, जे कोकणात अंगावर घेतलं तर माणूस घामानेच वाहून जाईल, तरी न्यायचं म्हणजे न्यायचंच. कोपरे चिकटपट्टीने मढवायचे, निळी नायलॉनची दोरी उभी-आडवी आवळायची आणि चारी बाजूंना नाव, गाव, तालुका, जिल्हा. विमानतळाच्या पट्ट्यावरून शंभर खोकी फिरत आली तरी शौकतच्या हातचं खोकं मालक लांबूनच ओळखायचा.

एवढं सगळ्यांसाठी. पण निघालेला माणूस मराठी वाचणारा असला तर शौकत आणखी एक काम करायचा. सामान भरून झालं की सगळ्यांना खोलीबाहेर काढायचा, दार लोटून घ्यायचा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, तपकिरी पुठ्ठ्यावर, चार-सहा ओळी लिहायचा. मग झाकण मिटून वर पट्टी ओढायचा. खोक्याच्या मालकालाही वाचायची मुभा नसे. “घरी जाऊन उघड,” एवढंच सांगायचा. पंधरा वर्षांचा हा रिवाज. त्या ओळी कॅम्पात कधी कुणी वाचल्या नव्हत्या. आणि गंमत अशी की, झाकण मिटलं की खुद्द शौकतच्याही डोक्यातून त्या जायच्या. राहायचा तो मार्करचा वास, दोन दिवस बोटांना.

हे सगळं उघडकीला आलं ते दोन किलो वजनामुळे.

जुलैत मेसचा आचारी हुसेनमियाँ निघाला. बाणकोटचा माणूस, एकोणीस वर्षं तीनशे जणांची डाळ शिजवलेला. त्याला दम्मामच्या विमानतळावर सोडायला गिरीश निकमने आपली गाडी काढली. गिरीश प्लांटचा सेफ्टी ऑफिसर, साताऱ्याकडचा, कॅम्पापासून लांब कंपनीच्या क्वार्टरमध्ये एकटा राहणारा, पण हुसेनमियाँच्या हातच्या कालवणासाठी शुक्रवारी मेसमध्ये हजर. खोकं गाडीत घालायच्या आधी सवयीने त्याने पुन्हा एकदा काट्याला लावलं, तर दोन किलो जास्त. आली का पंचाईत! पट्टी कापावी लागली. झाकण उघडलं, गिरीश खजुराचं पाकीट बाहेर काढायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

“काय झालं साहेब? पाठ धरली काय?” शौकतने विचारलं.

“हे कुणी लिहिलंय?”

“तां मना सांगू नका हां कुणी!” हुसेनमियाँने दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. “मी घराच बगनार. बीबीसमोर.”

“साहेब, मिटा झाकण. मालकाच्या आधी वाचायचं नसतंय.”

“अहो थांबा शौकतभाई, माझं व्हायचंय अजून.”

“काय व्हायचंय?”

“वाचून.”

पुठ्ठ्यावर लिहिलं होतं:

हुसेनमियाँ, तू गेल्यावर
मीठ कोण टाकणार ते ठरलंय.
‘पोट भरलं काय रे’ म्हणून
दारात उभा राहून कोण विचारणार
ते अजून कुणी बोललं नाय.

गिरीशने ते दोनदा वाचलं, मग हळूच झाकण मिटलं. दम्मामच्या रस्त्यावर त्याने हुसेनमियाँला एक अक्षर सांगितलं नाही, याचं शौकतला फार बरं वाटलं.

चार-सहा दिवसांनी, भर दुपारी, गिरीश टूल स्टोअरच्या खिडकीशी आला. उन्हाळ्यात बारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते, त्यामुळे माणसं सावलीत आडवी झालेली. प्लांट तेवढा आपला घुमत होता.

“शौकतभाई, एक स्पर्धा आहे. पुण्याचे एक प्रकाशक आहेत, ज्याचं अजून एकही पुस्तक निघालेलं नाही अशा कवीचं हस्तलिखित मागवतायत. पहिलं येईल त्याचं पुस्तक काढणार. स्वतःच्या खर्चाने.”

“मंग?”

“मंग काय, पाठवा तुमचं.”

शौकत हसायलाच लागला. “माजं? साहेब, मी पाने मोजतो. कवी बिवी नाय मी.”

“ते ठरवायला तिथं माणसं बसलीत. नियम ऐका. कमीत कमी चाळीस कविता. आधी कुठे छापलेल्या नकोत. सगळ्या स्वतःच्याच, असं सही करून द्यायचं. एकतीस ऑगस्टच्या आत. किती झाल्या असतील तुमच्या?”

शौकतने मनातल्या मनात खोकी मोजली. “साठ-सत्तर असतील की.”

“मग द्या ना! मी टाइप करतो.”

“माज्याकडे एक पण नाय.”

“एक पण नाय म्हणजे?”

“म्हंजे नाय. ज्याची त्याच्या घरी गेली.”

“कॉपी? फोटो?”

“क्याला? जेवाण वाढतो तेव्हा त्यातला घास आपल्याकडं झाकून ठेवतो काय?”

“पाठ?”

शौकतने मान हलवली. गिरीश त्याच्याकडे असा बघत राहिला, जसा हेल्मेट न घालता टॉवरवर चढलेल्या माणसाकडे बघायचा. मग म्हणाला, “पंधरा वर्षं तुम्ही काय लिहिलंत ते तुम्हालाच माहीत नाही?”

हा प्रश्न टाकून गिरीश निघून गेला, पण प्रश्न काही खिडकीतून हलेना. शौकतला साठावं लागलं होतं. डिसेंबरात इकामा संपणार, पुढे वाढवणार नाही असं कंपनीने कळवलेलं. सत्तावीस वर्षांचं काय ते शिल्लक घेऊन त्याला दाभोळला जायचं होतं. पाने-हातोड्यांचा हिशेब तो नव्या माणसाच्या हवाली करणार होता, त्यात खोट निघायची नाही. पण साठ-सत्तर घरांत आपण काय लिहून ठेवलंय? बरं लिवलंय की वाईट? कुणाला लागेल असं काही लिवलंय काय? त्याला पहिल्यांदाच असं वाटलं की आपल्याच गावात आपण कधी गेलो नाही.

संध्याकाळी त्याने मासूमाला फोन लावला. बायको दाभोळला, सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “म्हंजे दुसऱ्यांच्या खोक्यांत गाणी लिवीत होतात?”

“गाणी नाय गो, अशाच ओळी.”

“सत्तावीस वर्सां दर सुट्टीला खोकां आणलात. आतना कोरां.”

शौकतने विषय बदलून मुलगी अरवाची चौकशी केली. तरी फोन ठेवताना मासूमा म्हणालीच, “चाळीस मिळाली तर मना पण वाचून दाखवा. लोकांना काय दिलात ता तरी कळूंदे.”

मग शोध सुरू झाला. शौकतने जुने नंबर काढले आणि एकच निरोप सगळ्यांना बोलून पाठवला: “सलाम, नमस्कार. मी शौकत सोलकर, टूल स्टोअर, जुबैल. तुझ्या खोक्याच्या झाकणात मी काय लिवलं होतं ते असल तर फोटो काढून धाड. खोकं फेकलं असशील तरी रागावनार नाय.”

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी फोन टणटणायला लागला तो थांबेना.

कुणी झाकण कापून देवघराच्या फळीखाली ठोकलं होतं. कुणाच्या घरी त्याच पुठ्ठ्याने चुलीला वारा घालायचे, कडा जळालेल्या, पण ओळी शाबूत. एकाच्या खोक्याला वाळवी लागलेली, सहा ओळींतल्या साडेतीन उरलेल्या. त्या वाचून शौकत गिरीशला म्हणाला, “बरंच केलंन वाळवीनं. उरलंय तेवढंच चांगलं हाय.”

श्रीवर्धनच्या इमादने तर खोकं नऊ वर्षं उघडलंच नव्हतं. पोरीच्या लग्नात काढू म्हणून ब्लँकेटासकट माळ्यावर ठेवलेलं. पोरगी आता बारावीला. शेवटी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांच्या देखत पट्टी कापली. चॉकलेटं दगड झालेली, ब्लँकेट नवंकोरं, आणि झाकणात लिहिलेलं:

इमाद, तुझ्या घोरण्याला
आम्ही नऊ जण साक्षीला आहोत.
भाभीनं विचारलं तर
एकदा खोटं बोलू. एकदाच.

पडद्यावर इमादची बायको पदर तोंडाला लावून अशी हसत सुटली की इमादने फोनच बंद केला.

गुहागरकडच्या एका फिटरचं खोकं परसात होतं आणि त्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. फोटोत पाच ओळींतल्या तीन दिसत होत्या, बाकीच्यांवर शेपूट. शौकतने विनवलं, “जरा उठव की तिला.” उत्तर आलं, “चाचा, पंधरा अंडी हायत. उठवली की खलास. अजून एकवीस दिवस थांबा.” म्हणजे एकोणतीस ऑगस्ट. गिरीशने वहीत लिहून घेतलं: कोंबडी, एकोणतीस.

चिपळूणच्या सुमीत वेल्डरचं खोकं पुरात वाहून गेलेलं. पण त्याची बायको अलका फोनवर आली आणि म्हणाली, “मला पाठ आहे, लिहून घ्या.” तिने घडाघडा म्हटलं:

सुमीत, तू जोडलेले पाइप
अजून कुठे गळत नाहीत.
घरचं काय ते तू बघ.
घरचं मी बघितलंय, तू फक्त ये.

शौकत म्हणाला, “वहिनी, शेवटची ओळ माजी नाय.”

“कशावरून? तुम्हाला तर काही आठवत नाही म्हणता.”

“माजी असती तर एवढी बरी नसती.”

अलका हसली. “मीच घातली. तुम्ही मधेच सोडून दिल्यासारखं वाटलं मला.”

गिरीशला ती ओळ फार आवडली. राहू दे म्हणाला, कुणाला कळतंय. शौकतने मार्करच घेतला आणि गिरीशने छापून आणलेल्या कागदावर त्या ओळीवरून जाड रेघ मारली. “सही मी करणार ना, सगळं माजं म्हणून? मंग ती तिची ऱ्हाऊ दे.”

दुपारच्या बंदीत रोज हेच चालायचं. गिरीश लॅपटॉप घेऊन स्टोअरच्या आत, पान्यांच्या मांडणीला टेकून बसायचा. शौकत फोनमधले पुठ्ठे वाचून दाखवायचा. कधी वाचताना नाक मुरडायचा, “हे काय लिवलंय गाढवासारखं,” कधी गप्प व्हायचा. एकदा म्हणाला, “साहेब, हा माणूस बरा वाटतो.”

“कोण?”

“हाच, लिवणारा.”

विसाव्या-बाविसाव्या कवितेपासून त्याला स्पष्ट दिसायला लागलं की पुस्तक होतंय. आणि ते दिसायला लागल्यावर त्याला ते हवंसं झालं. इतकं, की सकाळी पाने देताना तो सही घ्यायचा विसरला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

एकोणतीस तारखेला कोंबडी उठली. तेरा पिल्लं निघाली आणि उरलेल्या दोन ओळीही. ती एकोणचाळिसावी कविता. बाकी खोकी फेकलेली, नाहीतर नंबर लागत नव्हते. मिळण्यासारखी फक्त एक राहिली होती, आणि ती सगळ्यांत पहिली: दत्तात्रय गुरवची.

दत्तात्रय संगमेश्वरचा, परातींचा फोरमन. उंचावर लोखंडी पाइपांचे माचे बांधणाऱ्या टोळीचा मुख्य. ‘परात’ हे त्या टोळीचं कॅम्पातलं नाव. शौकत आणि तो अकरा वर्षं एका खोलीत, खालच्या-वरच्या खाटेवर. पंधरा वर्षांपूर्वी तो निघाला तेव्हा शौकतने पहिल्यांदा झाकणाच्या आत लिहिलं, आणि मग बाकीचे हट्टाला पेटले की दत्तूला लिवलंस मग आमाला का नाय. रिवाज तिथून पडला. आता दत्तात्रयची गावात पिठाची गिरण होती. शौकतचा निरोप त्याने ऐकला होता, हे फोनवर दिसत होतं. उत्तर मात्र नव्हतं.

तीस तारखेला दुपारी शौकतने सरळ फोन लावला. गिरीश समोर बसलेला. तिकडे गिरण चालू होती, तिचा घरघराट आधी आला आणि मग दत्तात्रयचा आवाज.

“बोल शौक्या.”

“मेलास काय रे? महिना झाला निरोप धाडून.”

“ऐकला.”

“मंग फोटो?”

“नाय देणार.”

शौकतला वाटलं गिरणीच्या आवाजात भलतंच ऐकलं. “हाय ना पण? ठेवलंयस ना?”

“हाय. जपून ठेवलंय. पण नाय देणार.”

“अरे, मीच लिवली ना ती?”

“लिवलीस तू. दिलीस मला. तुज्या स्टोअरचा पाना हाय काय, सांजच्याला सही घेऊन परत घ्यायला?”

गिरीशने वर बघितलं. मग शौकत समजुतीच्या आवाजात म्हणाला, “दत्तू, एकोणचाळीस झाल्यात. चाळीस लागतात. उद्या शेवटचा दिस. तुजी घातली की पुस्तक.”

“तुला खरंच आठवत नाय काय लिवलं होतंस?”

“खरंच नाय.”

मग दत्तात्रय म्हणाला, “गिरण बंद करत नाय. चालू हाय म्हणूनच वाचतो. एकदा वाचीन, परत नाय. आणि लिवून घ्यायचं नाय.”

शौकतने गिरीशला खुणेने लॅपटॉप मिटायला लावला आणि स्पीकर बंद करून फोन कानाला घट्ट दाबला. पिठाच्या घरघराटातून दत्तात्रयचा आवाज एकेक ओळ करून आला:

सुट्टी मिळत होती, दत्तू,
तू मागितली नाहीस.
बाप गेला त्या दिवशी तू
पान्यांच्या मांडणीमागे बसलास
आणि मी बाहेरून कुलूप घातलं.
आता घरी चाललायस.
ज्याला सांगायचं त्याला सांग.
नाय जमलं, तर झाकण बंद ठेव.

आणि शौकतला सगळं आठवलं. तो दिवस, ते कुलूप. दत्तूने आखातात जाऊ नये म्हणून बाप भांडला होता. मेलो तरी येऊ नको, असं शेवटचं बोलून बसला होता. तो गेल्याचा फोन आला तेव्हा साहेब स्वतः म्हणाला होता, जा, तिकीट काढून देतो. दत्तू अडून बसला. बापानं नको सांगितलेलं, मी नाय जाणार. घरी मात्र कळवलं की कंपनी सोडत नाही. आणि मग याच स्टोअरात, आता जिथं गिरीश टेकून बसला होता तिथंच, दिवसभर गुडघ्यांत डोकं घालून बसला. कुणी बघू नये म्हणून शौकतने कुलूप लावलं, दर तासाला खिडकीतून चहा सरकवला.

“भावाला सांगितलंस?” शौकतने विचारलं.

“नाय. तो अजून त्या कंपनीला शिव्या घालतो. दर वर्षी बापाच्या श्राद्धाला. मी पानावर बसून ऐकतो.”

“झाकण कुठं ठेवलंयस?”

“गिरणीच्या मोटरीच्या पेटीत. तिथं माज्याशिवाय कुणी हात घालत नाय.” मग तो म्हणाला, “कंदी कंदी काढून वाचतो रे. त्यात कुणीतरी माज्याबरोबर बसलंय असं वाटतं. पुस्तकात गेलं की ते बाजारात जाईल.”

फोन संपला. दुपारचे अडीच वाजलेले. शौकतने गिरीशला कविता सांगितली नाही; एवढंच सांगितलं की त्यात दत्तूची एक गोष्ट आहे, घरच्यांना ठाऊक नसलेली.

“मग नाव बदला,” गिरीश म्हणाला. “गाव बदला. दत्तूचा सदू करा. कोण ओळखणार?”

“ओळखणाऱ्याला नाव क्याला लागतंय? त्याचा भाऊ पहिल्या दोन ओळींत ओळखील.”

“तो कवितेचं पुस्तक वाचणारै का?”

“दाभोळच्या सोलकराचं पुस्तक निघालं, जुबैलवाल्याचं, तर संगमेश्वरात पोचणार नाय म्हणता? पहिलं तिथंच पोचंल.” शौकत मांडणीवरच्या एका पान्याशी चाळा करत राहिला. “आणि सांगू काय साहेब, एकोणचाळीस वाचल्या. बऱ्या हायत. पण लिवलेली ही एकच हाय. बाकी सगळी त्या एकीची पिल्लं.”

“आणि ती पाठ झाली असेल तुम्हाला आता.”

“शब्दानशब्द. तीच तर गोची हाय. एवढ्या सगळ्यांत ध्यानात राहिली ती हीच.”

गिरीशलाही ती हवी होती, न वाचताच हवी होती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग म्हणाला, “दुसरी लिहा. आत्ता. चार ओळी तर लागतात.”

शौकतने कागद घेतला. मार्कर काढला. टोपण लावलं, परत काढलं. पंधरा मिनिटं गेली.

“कागदावर येत नाय,” तो म्हणाला.

गिरीश उठला, कोपऱ्यातलं ग्राइंडरचं रिकामं खोकं उचलून त्याने समोर आणून ठेवलं आणि झाकण उघडून दिलं. शौकतने आत बघितलं. “कोण निघालंय?”

“कुणी नाही. समजा.”

“समजून कसं चालंल? कुणीतरी निघायला पायजे. मंगच लिवायचं ना, की हा नसल्यावर काय नसंल.”

तेवढ्यात तीन वाजले, बंदी संपल्याचा भोंगा झाला, आणि माणसं खिडकीशी ओळ लावून उभी राहिली.

एकतीस तारीख. दुपारी गिरीश आला तो तोंड पाडूनच. मेलमध्ये एकोणचाळीस कविता चढवून तयार होत्या, अर्ज भरलेला, सहीचा कागद स्कॅन केलेला. पाठवायचं बटण तेवढं राहिलेलं. “एकोणचाळीसच पाठवू. नियमात बसत नाही, पण बघू. नाहीतर…” त्याने शौकतकडे बघितलं. “नाहीतर अजून वेळ आहे, शौकतभाई. तुमच्यावर आहे.”

शौकतने हातातला पाना जागेवर टांगला. खिडकीची जाळी ओढून घेतली. कालचं ते ग्राइंडरचं खोकं तसंच उघडं पडलं होतं, त्याच्याकडे तो थोडा वेळ बघत राहिला.

“साहेब, पहिलं पान कोरं घ्या.”

“घेतलं.”

“वर लिवा: दत्तात्रय गुरव, मुक्काम पोस्ट संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी. खोक्यावर लिवतो तसं.”

गिरीशने लिहिलं. “नाव चालेल त्यांना?”

“खोक्याच्या बाहेरचं नाव सगळ्या विमानतळानं वाचलंय. त्याला काय. आता मधे बरीच जागा सोडा. आणि खाली लिवा…” शौकतने घसा साफ केला. “झाकण बंद आहे.”

गिरीश टाइप करायचा थांबला. “एवढंच?”

“एवढंच.”

“शौकतभाई, याला कविता म्हणायचं?”

“तुमीच म्हणालात, ते ठरवायला तिथं माणसं बसलीत. मोजा.”

गिरीशने खरंच मोजल्या. वरपासून खालपर्यंत, ओठ हलवत, मध्ये कोंबडीपाशी हसत. चाळीस भरल्या. त्याने पहिलं पान पुन्हा एकदा उघडलं आणि वाकून वाचलं, हुसेनमियाँच्या खोक्यावर वाकला होता तसाच. नुसतं नाव, गाव, मधली पांढरी जागा आणि खालची एक ओळ. मग बटण दाबलं.

“गेलं,” तो म्हणाला.

“यल्ला, चला.” शौकतने फोन काढला आणि दत्तात्रयला निरोप बोलला: “चाळीस झाल्या. तुजं झाकण मिटलेलंच हाय.” तिकडून लगेच काही आलं नाही. गिरण चालू असेल.

“निकाल कंदी?”

“जानेवारीत.”

“तोवर मी घरी असंन.” शौकतने ग्राइंडरचं ते खोकं उचललं, उलटंसुलटं करून बघितलं, तळ दाबून बघितला. बरं होतं, मजबूत होतं. त्याने ते फेकलं नाही. मांडणीच्या मागे, आपल्या डब्याशेजारी सरकवून ठेवलं, आणि झाकण उघडंच ठेवलं. “मासूमाला दाखवायला कायतरी पायजे,” असं पुटपुटला.

गिरीशचं लक्ष तिकडे नव्हतं. तो अजून त्या पहिल्या पानातच होता. “पण समजा त्यांनी फोन केला,” तो म्हणाला. “पुण्याहून. विचारलं, की या पानामागे काय आहे, ते आम्हाला वाचायचंय. तर काय सांगायचं?”

शौकतने जाळी वर केली. तीन वाजायला दहा मिनिटं होती आणि बाहेर पहिला माणूस पान्यासाठी आधीच येऊन उभा होता.

“सांगा, चावी संगमेश्वरला हाय,” तो म्हणाला आणि सहीची वही पुढे सरकवली.